मोठी चावी

त्या दिवशी कापडे गावात धुकं असं दाट पडलं होतं, की नऊ वाजले तरी नदीकडची शेतं दिसत नव्हती आणि टाकीखालच्या खोलीच्या पत्र्यावरून दंव टपटपत होतं.

याच खोलीतून कुशाबांनी तीस वर्षं गावाला पाणी सोडलं. रीत मात्र बयाबाईची, त्यांच्या बायकोची. शेजारच्या भागोजीच्या खुंटीवरून मोठी चावी आणायची, टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह उघडायचा, की बयाबाई ती चावी लगेच खुंटीला लावून यायची. दिवसभर कुशाबांच्या कमरेला वाड्यांच्या धाकट्या चाव्या तेवढ्या. "मोठी जवळ राहिली तर एका चुकीत टाकी रिकामी हुईल," म्हणायची. चार वर्षांपूर्वी ती गेली, त्याच साली मुख्य व्हॉल्व्ह बटणावर चालू लागला, तेव्हा ती चावी कुशाबांनी तिच्या लुगड्यांत, पेटीत ठेवून दिली.

आता व्हॉल्व्ह कॉम्प्युटर फिरवायचा. पडद्यामागं गुपचूप चालणारा तो प्रोग्रॅम पुतण्या रितेशनं मुंबईहून येऊन बसवला होता, तोही काकीच्या रितीनं: मोठा हक्क, म्हणजे टाकी उघडायची परवानगी, मुख्य व्हॉल्व्हपुरता घ्यायचा, मग लगेच परत करायचा. त्या भरवशावर कुशाबांनी वरच्या वाडीला पाण्याचा शब्द दिला होता.

तीन आठवड्यांनी, त्या धुक्याच्या सकाळी, रितेश तपासायला बसला आणि त्यानं कपाळाला हात लावला.

"आप्पा, घोळ झालाय. हक्क परत करायची ओळ लिहायचीच राहिली माझी."

"म्हंजे टाकी?"

"कधीपण खाली झाली असती." तो वाचत राहिला, मग सावकाश म्हणाला, "पण हितं रोज परत केलेला दिसतोय. सहा दहाला. आज तेवढा सात वाजता. कुणी केला?"

"मला काय इचारतोस रे? मला कुठं अक्षर येतंय?"

रितेशनं राहिलेली ओळ लिहून टाकली. कुशाबांना उगाच वाटलं, म्हणावं, राहू दे की तसंच. पण वरच्या वाडीला दिलेला शब्द होता.

घरी येऊन त्यांनी पेटी ओढली. कुलूप गंजलेलं, उघडायला जोर लागला. लुगड्यांची घडी जशीच्या तशी होती, मधली चावीची जागा मोकळी.

ते अंगणात येऊन इकडंतिकडं बघू लागले. भागोजीची सून रेश्मा, दिवाळीनंतर लग्न होऊन आलेली, पलीकडं तांदूळ निवडत होती.

"चावी शोधताव व्हय, आप्पा? आमच्या खुंटीला हाय. तुमच्याकडच्या आजी रोज सकाळी लावून जातात की. आज म्हनाल्या, उशीर झाला गो, उद्यापासून माझं काम नाय."