सयामी पाहुणचार

निजाम गेला, सुखाचे दिवस आले म्हणेपर्यंत माझा साडू मल्लिनाथ सयामातली नोकरी सोडून सासुरवाडीला, बेंबळीला आला आणि माझं वाटोळं झालं. सासूबाईंनी पुरण घातलेलं, तर हा म्हणतो, "मामी, मला सयामी परतलेला भात पायजे. त्याला शिळाच भात लागतो. वर अंडं, न्हायतर झिंगे, न्हायतर अननस."

लिंगायताच्या चुलीवर अंडं आणि झिंगे? आणि बेंबळीत अननस बघितलाय कुणी? उरलं काय, तर कांदा, मिरची आणि कालचा भात! जावयाला शिळं वाढायचं सासूबाईंच्या जिवावर आलं. ह्यानं मात्र बोटं चाटली.

तवापासून मी गेलो तरी पुरणपोळीचं नाव न्हाय. सासूबाई लई कौतुकानं म्हणतात, "तुमी येणार म्हणून कालच भात करून ठेवला, जावईबापू!"