पाच तुकड्यांचं गाठोडं

अमिनाबींनी आपल्या मरणाची तयारी अकरा वर्षांपूर्वीच करून ठेवली होती, तीही अगदी हसतखेळत. हजला गेल्या तेव्हा स्वतःच्या आणि नवऱ्याच्या कफनाचं कापड त्यांनी मक्केत जमजमच्या पवित्र पाण्यात भिजवलं, तिथल्याच उन्हात वाळवलं आणि येरवड्याच्या घरी आणून कपाटात ठेवलं. बाईचे पाच तुकडे, पुरुषाचे तीन. पावसाळा सरला की दोन्ही गाठोडी गच्चीवर नेऊन त्या ऊन दाखवायच्या. शेजारणींना म्हणायच्या, "माझी ठेवणीतली साडी आहे ही, एकदाच नेसायची."

यंदा त्या स्वतःच अंथरुणाला खिळल्या. हृदय थकलं होतं, आणि डॉक्टरांनी "आता घरीच जपा" एवढं सांगून विषय संपवला होता. ते पाच तुकडे धडपणे त्यांच्या अंगावर पडावेत, ही जबाबदारी आता त्यांच्या नवऱ्यावर, शमशुद्दीन मास्तरांवर आली. मास्तर शिंपी. चाळीस वर्षांत एका गिऱ्हाइकाचं कापड त्यांच्या हातून खराब झालं नव्हतं.

पण कपाट होतं मागच्या खोलीत, आणि त्या खोलीची भिंत ओली होती. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून दीड वर्ष पाणी झिरपत होतं. वर आयटीतली पोरं भाड्यानं राहायची. त्यातला तेजस फार गोड बोलायचा. "अंकल, आम्ही तर रेंटवर आहोत, ओनरशी बोला ना प्लीज." ओनर कॅनडात, फोन उचलत नसे. मास्तरांनी सोसायटीचे सेक्रेटरी ज्ञानदेव यांच्याकडे तीन अर्ज दिले. चौथ्यांदा गेले तेव्हा ज्ञानदेव म्हणाले, "वाचले की. अक्षर फार सुरेख आहे हो मास्तर तुमचं."

असल्या माणसापुढे काय डोकं आपटणार! मास्तरांनी मग घरच्या घरी सगळे उपाय केले. कपाटात कापूर ठेवला, कडुनिंबाचा पाला ठेवला. भिंत खरवडून महागाचा वॉटरप्रूफ रंग दिला, त्याला महिन्याभरात पापडासारखे फोड आले. जुलैत कपाटातून कुबट वास यायला लागला तेव्हा मात्र त्यांचा धीर सुटला. अमिनाबींचं गाठोडं त्यांनी जाड प्लॅस्टिकमध्ये करकचून गुंडाळलं, वरून चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली आणि कपाटात अगदी आत, भिंतीकडे सरकवलं. स्वतःच्या गाठोड्याला प्लॅस्टिक उरलं नाही. आपलं काय, चालेल, म्हणून ते जुन्या लुंगीत बांधून वरच्या फळीवर टाकलं.

ऑक्टोबरात गळती काढणारा रंगनाथ आला. चंद्रपूरकडचा सरळ माणूस. त्यानं कपाट ओढलं तर मागची भिंत काळीकुट्ट.

"खोटं नाही बोलत जी मास्तर. वरचं पाणी थांबल्याशिवाय मी काहीही लावलं तरी टिकणार नाही. अन् भिंतीला काही चिकटवून ठेवत जाऊ नका. चार बोटं जागा सोडा, हवा खेळू द्या." मग त्याची नजर प्लॅस्टिककडे गेली. "हे कधी बांधलं?"

"जुलैत."

"भर पावसात? मग दमट हवा आतच कोंडली ना जी!"

मास्तरांनी कात्रीनं चिकटपट्टी कापली. पाचही तुकड्यांच्या घडीघडीत हिरवेकाळे ठिपके होते. त्यांनी एक कडा दोन अंगठ्यांत धरून जरासा ताण दिला, सवयीनं, आणि कापड फाटलं. धुवून उपयोग नव्हता. मास्तरांना स्वतःचीच इतकी लाज वाटली की रंगनाथकडे त्यांना बघवेना.

भिंतीपलीकडच्या खोलीतून अमिनाबींची हाक आली. "अहो, माझं गाठोडं उन्हात घातलंत का?"

"घालतो," मास्तर म्हणाले.

त्यांनी वरच्या फळीवरून स्वतःचं गाठोडं काढलं. लुंगीतलं कापड कोरडं, स्वच्छ, जसंच्या तसं. गच्चीवर ते पसरून मास्तर दोन तास तिथंच उभे राहिले. तीन तुकडे. डोक्याची ओढणी नाही, छातीवरचा पट्टा नाही. मोठ्या तुकड्यातून ओढणी कापावी तर अंगाला आखूड पडत होतं. कुठलंही पाक, स्वच्छ कापड चालतं, हे मौलाना सांगतील, मास्तरांनाही ठाऊक होतं. पण अकरा वर्षं त्या कापडाला जपणाऱ्या बाईला ते कुणी सांगायचं?

खाली येऊन त्यांनी घडी अमिनाबींच्या मांडीवर ठेवली. त्यांना आता नीट दिसत नव्हतं, तेवढाच काय तो मास्तरांना आधार. पण बोटं शाबूत होती. बोटांनी कडा मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"तीनच आहेत. हे तुमचं आहे."

मास्तरांना खोटं सुचेना. प्लॅस्टिक, चिकटपट्टी, भिंत, सगळं त्यांनी सांगून टाकलं. "तुझंच जपायला गेलो गं," म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले.

अमिनाबी रागावल्या नाहीत. बराच वेळ कापडावर हात फिरवत राहिल्या.

"मग तुम्ही काय पांघरून येणार?" त्यांनी विचारलं.

वर कुणीतरी शॉवर सोडला आणि भिंतीतून पाणी उतरू लागलं. मास्तर उठले, आणि अमिनाबींची खाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढली.