नकाशात नसलेली वाट

मी पायवाट बोलतेय. बागेच्या दारावरच्या नकाशात मला शोधू नका, तिथे मी नाही. तिथे फरशीचा रस्ता आहे, त्याच्या उभ्या पायऱ्या आहेत. मी तळ्याकाठून निघते आणि चढ अंगावर येऊ न देता, वळसे घेत, टेकडीवरच्या गुलाबबागेत पोचते.

मला कोणी बांधलं नाही. पायऱ्या झाल्या त्याच वर्षी एक बाई बाबागाडी घेऊन आली. तिने पायऱ्यांकडे एकदा बघितलं, तोंड वाकडं केलं आणि गाडी सरळ गवतात घातली. तिच्या चाकांच्या दोन रेघा म्हणजे माझा जन्म. पुढे खताची पोती वाहणारे आले, गुडघे धरून चालणारे आले, घरच्यांची नजर चुकवून भेटणारे आले. ज्यांना माझी गरज होती त्यांनीच मला घडवलं. त्यामुळे मी कुणाची मिंधी नाही.

माणसांची गंमत सांगते. फरशीवर असतात तोवर त्यांची तोंडं चालू असतात. माझ्यावर पाय पडला की गप्प होतात, कारण खाली बघावं लागतं. मग त्यांना मुंग्यांची रांग दिसते, बोटभर उंचीचं जांभळं रानफूल दिसतं. फुलं बघायला आलेल्यांना फूल दाखवावं लागतं, ते असं.

गुलाब फुलले की एका शनिवारी एक मावशी यायची, भाचीला घेऊन. वर जाऊन एकेका ताटव्याला नावं ठेवायची. "ही काय छाटणी म्हणायची? रागाने केस कापल्यासारखी." असं मनसोक्त बोलून झालं, की खूश होऊन उतरायची.

यंदा मोठ्या माळ्याने माझा निकाल लावायचं ठरवलं. बागेचा कारभार त्याच्याकडे, गळ्यात कायम शिट्टी. माझ्यामुळे टेकडीला टक्कल पडलंय, असं त्याचं म्हणणं. शुक्रवारी त्याने मला कुदळीने उकरलं, गवताचं बी पेरलं, पाणी मारलं आणि पाखरांनी बी टिपू नये म्हणून वर पेंढा अंथरला. माणूस टापटिपीचा. तळ्यापासून माथ्यापर्यंत, वळणावळणाला, कडा कशा आखून घेतल्यासारख्या.

"शनिवार-रविवार इथे कोणाचा पाय पडला नाही, की बी धरलंच समज," तो हाताखालच्या माळिणीला म्हणाला. "मग इथे वाट होती हे कोणाला आठवणारसुद्धा नाही."

"पाटी लावू का?"

"कशाला? पेंढा बघून कळतं माणसाला."

नाही कळत.

शनिवारी मावशी आली, हातात नवी काठी. भाचीने तिला तळ्याकाठच्या बाकावर बसवलं. "यंदा इथूनच बघू, मावशी. तुझ्याच्याने व्हायचं नाही. शेजाऱ्यांनाही मी सांगून आलेय, मावशी आता वर चढत नाही म्हणून."

"माझ्या पायांच्या बातम्या वाटत फिरतेस होय?" मावशी म्हणाली. तेवढ्यात तिला मी दिसले, उन्हात पिवळीधमक. "ते बघ. बागवाल्यांनी गालिचा अंथरलाय. परक्यांना माझी काळजी आहे, तुला नाही."

काठी टेकत ती निघाली. तिला बघून एक कुटुंब निघालं, त्यांना बघून आणखी दहा जण. अर्ध्या चढावर मोठा माळी शिट्टी फुंकत धापा टाकत आला.

"आजी, खाली उतरा. बी पेरलंय इथे."

"मग हे अंथरलंस कशाला?"

"झाकायला."

"झाकायचं ते कोणी इतकं सजवतं का रे?" मागचे हसले. "आणि आत्ता उतरले तर परत चढणार कशी? तुझ्या पायऱ्यांवरून?"

"नियम आहे, आजी."

"असू दे. तू शिट्टी वाजव, मी चालते."

तो वाजवत राहिला, ती चालत राहिली. वर जाऊन तिने सगळ्या ताटव्यांना नावं ठेवली. रविवारी संध्याकाळपर्यंत पेंढ्याचा चुरा झाला होता आणि बी कुठल्या कुठे गेलं होतं.

खोटं कशाला सांगू, माळीही हटला नाही. सोमवारी त्याने माझ्या तोंडाशी काटेरी बोगनवेलीची दाट रांग लावली, मला पुन्हा उकरलं, पुन्हा पेरलं. आता माझ्या अंगावर कोवळं गवत उगवलंय. गुदगुल्या होतात आणि संतापही येतो.

पण काल शनिवार होता. त्या दोघी आल्या. काटे बघून भाची थांबली. मावशी मात्र रांगेच्या कडेकडेने शेवटच्या रोपापर्यंत गेली. त्याच्या पलीकडे आजवर कोणी पाऊल टाकलं नव्हतं. तिने तिथे काठी रोवली. भाची पुढे झाली, गवत पायाने दाबत, आणि मागे हात केला. "जपून ये. शेजाऱ्यांना काय सांगायचं ते बघते मी."

मी आता तिथे आहे. वाट म्हणावी इतकी अजून झालेली नाही. दोन बायकांच्या पायांनी गवत आडवं झालंय, एवढंच. गवताला पुन्हा ताठ व्हायला वेळ लागत नाही. येणार असाल तर त्याच्या आत या.