संघप्रियानं हात धुतले नाहीत

सकाळी दहाला सुकलू हिचामीला ऑपरेशन थिएटरच्या दाराशी आणलं. अपेंडिक्स होतं. दोन दिवस पोट दुखत असताना तो तसाच मोहफुलं वेचत राहिला होता. आता स्ट्रेचरवर गुडघे पोटाशी घेऊन कण्हत होता. त्याची बायको सुकरी शेजारी उभी होती.

थिएटरची नर्स संघप्रिया आत बेसिनपाशी होती. नळ सुरू होता, पण ती हात पुढे करत नव्हती.

आदल्या सकाळी आठपासून ती ड्यूटीवर होती. धानोऱ्यापलीकडचा तीस खाटांचा तो दवाखाना, थिएटरला तीन नर्स. एक बाळंतपणाच्या रजेवर होती, दुसरी गोकुळा भाचीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, धानोऱ्याला गेलेली. रात्रीतून दोन सिझेरियन झाली. दुसऱ्या वेळी बाळ रडलं, आईचं रक्त थांबवायचं इंजेक्शन संघप्रियानं भरलं, आणि सिरिंज पुढे करताना तिची नजर रिकाम्या शिशीवर गेली. शिशी ॲड्रिनलिनची होती; ते दिलं असतं तर आईच्या जिवावर बेतलं असतं. "थांबा, हवा राहिली," म्हणत तिनं सिरिंज मागे घेतली, ओतून टाकली, दुसरी भरली. कोणाला काही कळलं नाही. आई आणि बाळ वॉर्डात सुखरूप होते.

"सिस्टर, चला लवकर," सर्जन डॉ. वासेकर म्हणाले.

"सर, मले नाई जमणार."

तिनं शिशीची गोष्ट सांगितली. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं.

"पण लक्षात आलं ना वेळेवर? मग झालं तर."

"तेव्हा आलं, सर. आता मले लेबल वाचता येऊन नाई राह्यलं."

"आणि तुमच्या झोपेसाठी त्याचं अपेंडिक्स थांबणार आहे?"

ती बेसिनपासून मागे सरली. वॉर्डातली नर्स रीता कधी थिएटरमध्ये उभी राहिली नव्हती. डॉक्टरांनी डोक्यावरची टोपी काढून टेबलावर आपटली. "गोकुळाला बोलवा."

गोकुळानं फोन उचलला. "निघालीच समज," म्हणाली. तिथून स्कूटीनं तासभर तरी लागणार होता.

"झोपा जा," डॉक्टरांनी सांगितलं, पण संघप्रिया दाराबाहेरच्या बाकावर बसून राहिली. सुकरी तिच्याजवळ आली.

"बाई, आत काऊन नाई नेऊन राह्यले त्याले?"

"दुसरी सिस्टर येऊन राह्यली. मी कालपासून झोपली नाई. माया हातून चूक होईन."

सुकरीनं तिच्या डोळ्यांकडे पाहिलं, नवऱ्याजवळ जाऊन गोंडीत काहीतरी सांगितलं.

पावणेअकराला सुकलूचं कण्हणं एकदम थांबलं. त्यानं पाय सरळ केले.

"बाई!" सुकरी हसत आली. "बरं वाटून राह्यलं त्याले. दुखणं गेलं!"

दुखणं असं अचानक जाणं चांगलं नसतं. अपेंडिक्स फुटलं की थोडा वेळ असंच बरं वाटतं. संघप्रिया धावतच डॉक्टरांकडे गेली. त्यांनी पोट दाबून पाहिलं, सलाईनमधलं औषध वाढवलं आणि गोकुळाला फोन लावला. फोन रेंजबाहेर होता. रस्त्यात जंगलाचा मोठा पट्टा होता, तिथं टॉवर नव्हता.

संघप्रिया पुन्हा बेसिनपाशी गेली. कडेला औषधाची बाटली होती. तिनं नाव वाचायचा प्रयत्न केला. अक्षरं एकमेकांवर चढत होती. तिनं नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. 'आत गेली आणि चुकली तर? नाही गेली आणि हा मेला तर?' शेवटी नळ बंद करून ती भिंतीला टेकली.

अकरा वाजून वीस मिनिटांनी गोकुळा आली. साक्षगंधाची जांभळी साडी, केसात गजरा. गजरा ओढून काढतच ती आत शिरली.

दोन तासांनी डॉक्टर बाहेर आले. "फुटलं होतं. पोट धुतलं. वाचेल, पण दिवस लागतील."

"मी उभी राह्यली असती तर..."

"दहाला घेतलं असतं तर कदाचित नसतं फुटलं. कदाचित आत दुसरंच काही झालं असतं." ते थकून खुर्चीत बसले. "मला माहीत नाही, सिस्टर."

त्यांनी दोष दिला असता तरी तिला चाललं असतं. क्वार्टरवर जाऊन ती अंथरुणावर पडली, पण संध्याकाळपर्यंत डोळा लागला नाही.

तीन-चार दिवसांत घरी जायचा सुकलू अकरा दिवस दवाखान्यात राहिला. मोहाचा हंगाम, कमाईचे दिवस, हातचा गेला. पाचव्या दिवशी तो पेज प्यायला, तेव्हा संघप्रियानं सुकरीला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, शिशीचंही.

सुकरीनं पेजेचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "तो तास लय भारी पडला माया माणसाले."

"हो."

"तू एकटीच काऊन होती पण? डॉक्टरले सांग, बाया वाढवा म्हणा."

संघप्रियानं डॉक्टरांना तेच शब्द सांगितले. त्यांनी दवाखाना चालवणाऱ्या ट्रस्टला आधी दोनदा लिहिलं होतं. सुकलू घरी गेला त्या दिवशी तिसरं पत्र त्यांनी तिच्यासमोर लिहिलं, शिशीची गोष्ट आणि सुकलूचे अकरा दिवस त्यात घातले, आणि कागद तिच्याकडे सरकवला. "माझ्या एकट्याच्या सहीनं काही हललं नाही. तुम्ही सगळ्या करा."

संघप्रियानं सही केली. खाली गोकुळानं केली, मग रीतानं. उत्तर अजून आलेलं नाही. रीता मात्र रोज सकाळी तासभर थिएटरमध्ये काम शिकायला येते, आणि संघप्रिया तिला एकेक शिशी हातात देऊन नाव मोठ्यानं वाचायला लावते.