पानावरचा हिरवा कोळी

पायच आधी दिसले... हिरव्या पानावर हिरवेच, केसाएवढे बारीक, आणि त्यांच्या मधोमध ठिपका, म्हणजे पोट असणार. सरांनी गुलाबाच्या कुंडीवर वाकून भिंग धरलं. मागे जावई उभा, एका हातात औषधाचा फवारा, दुसऱ्यात फोन. आणि फोनमध्ये बघून कोळी ओळखायला निघालेल्या माणसाबद्दल चाळीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलेल्याला जे वाटावं तेच सरांना वाटत होतं — कीव, थोडी किळस, आणि मुलीनं हा गोळा कुठून शोधून काढला याचं जुनंच नवल. बाथरूमच्या फरश्या विकतो. आता कोळी!

"विषारी असेल का हो, बाबा?"

"विष सगळ्याच कोळ्यांना असतं. तुम्हाला काही होणार नाही. हा उड्या मारणारा. ठेवा तो फवारा खाली."

आवाज वर्गातला लागला. न बघता उत्तर ठोकणाऱ्या पोरांना मी उभं करायचो — आधी बघ, मग तोंड उघड...

जावई नुकताच काढलेला फोटो बोटांनी मोठा करत होता. "पण पायांवर काटे आहेत, बाबा. लांब, ताठ. उड्या मारणाऱ्याचे पाय आखूड असतात म्हणे."

काटे? सरांनी भिंग जवळ नेलं, लांब नेलं. मधोमध तोच धुरकट डाग, ज्याला ते वर्षभर चष्म्याचा दोष म्हणत आले होते. काटे असतील तर जातच वेगळी — पहिल्या वर्षाची पोरंसुद्धा सांगतील.

मुलगी आत फोनवर बोलत होती. जावयानं तिकडे पाहून आवाज खाली आणला. "डोळ्यांचं मी तिला बोललो नाहीये. तुम्हीच सांगा, वाटेल तेव्हा."

म्हणजे याला ठाऊक होतं! कधीपासून?... सरांनी त्याच्यात हसण्यासारखं काही शोधलं — सुटलेलं पोट, ढगळ पायजमा — सगळं जागच्या जागी होतं, पण हसू येईना.

"काटेवाली मादी अंड्यांची पिशवी राखत बसते," ते म्हणाले. "पानाखाली आहे का? नीट बघ."

बघ. 'तुम्ही' म्हणायचं राहूनच गेलं. जावई गुडघ्यांवर बसला, पानाला हात न लावता खालून डोकावला; आणि त्याचं एकही वाक्य आजवर शेवटपर्यंत न ऐकलेले सर त्याच्या तोंडाकडे — म्हणजे जिथे तोंड असावं तिथे — बघत थांबले.