अर्धी पात

गेल्या जयंतीला दिग्रसच्या वस्तीतून शर्यत निघाली, तेव्हा बाबाराव ओट्यावर पाय लांब करून बसला होता. नडगी टम्म सुजली होती. तो रोज सडकेवर धावला, रोज कालच्यापेक्षा लांब, आणि आदल्या संध्याकाळी पाय टेकवेना. जिनात कापसाचे बोजे उचलायचं काम महिनाभर बुडालं. घर चाललं ते बायकोच्या, रुखमाबाईच्या मजुरीवर.

पाय शेकता शेकता ती म्हणाली होती, "नवी बाई कापूस वेचाले आली का मी तिले पह्यल्या दिवशी अर्धीच पात, कापसाची अर्धीच ओळ देतो. पुरी देली तं बोटं सुजतात, अन् दुसऱ्या दिवशी बाई घरी. तुमी तं सारं वावर एकाच दिवशी वेचाले निघाले! पुढच्या साली माह्या हिशेबानं पया."

पुढच्या साली ती नव्हती. पावसाळ्यात तापानं गेली. घरात उरले बाबाराव आणि लहानगी सत्यशीला. आता पाय सुजला असता, तर घरात दुसरं कमावतं माणूस नव्हतं. तरी शर्यत सोडायची नाही, असं त्यानं ठरवलं. धावायचं, आणि दुसऱ्या दिवशी कामावर उभंही राहायचं.

थंडी सरताच त्यानं सुरुवात केली. सडक सोडली, गाडवाटेचा मऊ फुफाटा धरला. आठवडाभर एकच अंतर. अंग सरावलं की थोडं पुढचं झाड. मध्ये मध्ये नुसतं चालणं.

जिनातला जोडीदार लखीराम त्याला चालताना पाहून हसायचा. "काहून बे बाबाराव, शर्यत हाय का वरात?"

"आज अर्धी पात हाय."

"असा चालशीन तं पुढच्या जयंतीले पोचशीन!"

"पोचीन ना. पायावर पोचीन."

जयंती चार दिवसांवर आली तेव्हा नडगीत पुन्हा तीच बारीक कळ उठली. त्याच संध्याकाळी वस्तीतला धर्मपाल दारात आला. शर्यत भरवणारा तोच.

"बाबारावदादा, उद्या सारे पुलापर्यंत पुरं पयून पाहून राह्यले. तुमी पण या. आपल्या गल्लीची इज्जत हाय."

बाबारावनं पोरीकडे पाहिलं. ती चुलीपुढे भाकर थापत होती, आईसारखीच मान वाकडी करून.

"नाई येत," तो म्हणाला. "उद्या बसतो. परवाही बसतो. इज्जत जयंतीच्या दिवशी पाहा."

"भेले का?"

"गेल्या साली नाई भेलो, म्हणून तं ओट्यावर बसलो होतो."

धर्मपाल तोंड वाकडं करून गेला. बाबाराव दोन दिवस बसला. कळ गेली. तिसऱ्या दिवशी तो गाडवाटेनं हळू फिरून आला.

जयंतीच्या सकाळी तो मागून निघाला. पुलापर्यंत लोकांची पाठच पाहिली. परतीला दम संपलेले एकेक मागे पडू लागले, याचे पाय मात्र मोकळे होते. शेवटी पुढे एकच जण उरला, आणि तो उरलाच. बाबाराव दुसरा आला. गल्लीनं त्याला खांद्यावर घेतलं, धर्मपाल सगळ्यात पुढे.

दुसऱ्या दिवशी भोंग्याआधी तो जिनात हजर होता. लखीरामनं पायाकडे पाहिलं. "लंगडत नाई बे तू!"

बाबारावनं वाकून बोजा पाठीवर घेतला आणि दोन्ही पायांवर उभा राहिला. "संध्याकाळी चालाले ये माह्यासंगं," तो म्हणाला. "आज अर्धी पात हाय."