थडग्यातला गहू

हॉलबाहेर चाळीस जोड बूट, आणि आत चाळीस माणसं एका बशीकडे श्वास रोखून बघत होती. बशीतल्या मातीतून बोटभर हिरवे कोंब वर आले होते.

"फॅरोच्या थडग्यात चार हजार वर्षं झोपलेला गहू!" आमच्या गुरुवारच्या सत्संगाचे श्यामकांतजी म्हणाले. "तिथल्या उत्खननवाल्यांनी स्वतःच्या हातांनी मला दिला. पिरॅमिडची एनर्जी! या कोंबांचा रस घ्या. साखर, बीपी, थायरॉईड, सगळं मुळापासून जाणार."

"व्हिसाच्या कटकटीवरही चालतो का हो?" मागच्या रांगेतल्या नागेश नावाच्या मुलाने विचारलं. कोणी हसलं नाही. प्रत्येकाला काळ्या दाण्यांची एकेक पुडी मिळाली. मीही घेतली. माझा नवरा शिरीष जर्मनीतच पण दूर, इंगोलश्टाटला नोकरीला, आमच्या हॅनोव्हरच्या घरी शनिवारी उगवतो. गुरुवारी कोणीतरी मराठीत चौकशी करतं म्हणून मी तिथे जायची. खोटं कशाला बोलू?

परतताना ट्राममध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या सुरेखाकाकू हळूच म्हणाल्या, "अगं वसुधा, इन्शुलिन बंद केलंय मी. आज तिसरा दिवस. श्रीपादला सांगू नकोस हं." श्रीपाद त्यांचा मुलगा.

"काकू! वेड लागलंय का?"

"घसा सारखा कोरडा पडतो बघ. श्यामकांतजींनी मला आधीच दिलेला रस भिनतोय म्हणे."

मी रागावले. त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. दिवसभर घरातही त्या खिडकीशीच असतात; मुलगा-सून कामावर आणि नात ओवी बोलते ते जर्मनमध्ये.

दुसऱ्या दिवशी सकाळी संग्रहालयात मरियम नावाच्या इजिप्शियन बाईंचं व्याख्यान होतं, तिथे मी मुद्दाम गेले. इजिप्तमधल्या स्वतःच्या गावामागची थडगी त्या सोळा वर्षं खणतायत. व्याख्यान संपल्यावर मी मोडक्या जर्मनमध्ये गव्हाचं विचारलं. त्या हसल्या.

"थडग्यातला दाणा कोळशासारखा असतो. चिमटीत धरला की भुगा. आजवर एकही उगवलेला नाही. शिवाय आमचा जुना गहू सहज न सुटणाऱ्या टरफलासकट असायचा."

"म्हणजे आपला खपली गहू!" मी चक्क मराठीत ओरडले.

"बिट्टे? काय म्हणालात?"

"काही नाही. तुम्ही हे दाणे कोणाला देता का?"

"देतो? आम्ही ते सीलबंद ठेवतो. वाटायची वस्तू नाही ती."

तिथून मी थेट काकूंकडे गेले आणि माझी पुडी त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"घटस्थापनेला गहू भिजवता ना, तसे भिजवा."

काकूंनी दाणे वाटीत घेऊन चोळले. पाणी काळं झालं. खाली राहिले पिवळे, टपोरे, सोललेले दाणे. त्यांनी एक दाताखाली धरला. कट्!

"अगं, हा तर आपला पोळीचा गहू!"

"काजळी फासलेला. ताजा आहे, मग उगवेल नाही तर काय? घटात आपण दरवर्षी हाच चमत्कार करतो."

काकूंनी वाटी बाजूला सारली. "आयुष्य गहू निवडण्यात गेलं माझं. हाताला कळलंही असतं. पण श्यामकांतजी दर गुरुवारी विचारायचे, काकू, जेवलात का? मग दाणे बघावेसेच वाटले नाहीत."

आम्ही आधी डॉक्टरांना फोन लावला. त्यांच्या सांगण्याप्रमाणे काकूंनी इन्शुलिन घेतलं. मग श्रीपादला फोन केला. तो अर्ध्या तासात, कोट न घालता, धापा टाकत आला.

पुढच्या गुरुवारी काकूंनीच चाळीस जणांसमोर वाटीत दाणे चोळले.

"हा अश्रद्धेचा काळेपणा आहे, काकू," श्यामकांतजी म्हणाले.

"काजळीचा आहे," काकू म्हणाल्या. "साबणाने जातो."

पुन्हा काही तो गुरुवार भरला नाही.

एवढंच सांगते. कोणी दाणा दिला, तर आधी पाण्यात चोळून बघा. औषध बंद करायचं की नाही, ते डॉक्टरांना विचारा, बशीला नको. आणि शेजारी कोणी एकटं असेल तर जेवलात का हे आपणच विचारा, नाहीतर ते विचारायला कोणीतरी पुडी घेऊन येतंच.

आता दर गुरुवारी पाच वाजता मी काकूंची बेल वाजवते. दार पूर्ण उघडायच्या आत त्या विचारतात, "जेवलीस का गं?"

संध्याकाळी पाचला! मी 'नाही' म्हणते, आणि त्या ताट वाढायला घेतात.